गोडी छाटणीआधी: बागेच्या मापाचा ट्रॅक्टर

पोळा झाला की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात दोन कामांची घाई सुरू होते. एक, छाटणीच्या टोळ्या ठरवायच्या. दुसरे, ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर तयार करायचा. तासगाव-कवठेमहांकाळकडे आणि पंढरपूर-बार्शीच्या बागांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. गोडी छाटणीनंतरचे पहिले चाळीस-पन्नास दिवस बागायतदाराचा जीव टांगणीला असतो. फूट कोवळी, घड नुकता बाहेर पडलेला आणि वर परतीचा पाऊस. अशा वेळी डाऊनी रोगाने एकदा घड धरला की तो वाचवता येत नाही. पाऊस उघडून तासभर मिळाला तरी फवारा मारून यावा लागतो, आणि तो तासभर ट्रॅक्टरच्या भरवशावर असतो.

म्हणूनच बरेच जण याच दिवसांत नवा छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ६ लाख धरली तर करातच ४२ हजारांचा फरक पडतो. ही रक्कम कुठे खर्च करावी, याचा विचार पुढे येईलच.

शोरूममध्ये गेले की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा पाहिजे?" बागेसाठी हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न आहे, बागेतली सगळ्यांत अरुंद जागा किती फुटांची आहे?

कागदावर बाग नऊ बाय पाचची असते, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट. पण त्यातले अडीच-तीन फूट बोद खातो, वाय पद्धतीत अँगलचे दोन्ही हात आत येतात, आणि डिसेंबरात घड लोंबू लागले की उरलेली जागा आणखी आकसते. मंडप असेल तर डोक्यावरची तार सहा-साडेसहा फुटांवर. वर्षानुवर्षे ताण पडून ती मधेमधे खाली झोळलेली असते, ते वेगळेच. त्यामुळे कागदावरचे अंतर धरून ट्रॅक्टर घेऊ नये. चार बांबू आणि सुतळी घ्यावी. पसंत पडलेल्या ट्रॅक्टरची टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी आणि स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतची उंची मोजून तेवढी चौकट बांधावी. दोघांनी ती धरून दोन-चार ओळी चालून पाहाव्यात. कुठे काडी अडते, कुठे तार टेकते, ठिबकची नळी चाकाखाली येते का, हे अर्ध्या तासात कळते. ओळीच्या टोकाला ताणाच्या तारांजवळ चौकट वळवून पाहायला विसरू नये. ट्रॅक्टर ओळीत नीट चालतो आणि बांधाशी अडकतो, हा अनुभव नवा नाही. मागे ओढायचा ब्लोअर असला तर वळायला आणखी जागा लागते.

चौकट फिरवून आल्यावर मग एचपी. १५ ते २८ एचपीच्या गटात महिंद्राचे युवराज आणि जिवो, स्वराजचे ७१७, कुबोटाचे बी मालिकेतले ट्रॅक्टर, व्हीएसटी, कॅप्टन असे कितीतरी पर्याय आहेत. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी ओजा ही फोर-व्हील ड्राइव्ह मालिका आणली, तिच्यातही बागेच्या मापाचे ट्रॅक्टर आहेत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो इंजिनाचा एचपी. ब्लोअरचा पंखा मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ शाफ्टवर फिरतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यातला काही भाग खर्ची पडलेला असतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली हे लिहिलेले असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा आणि ब्लोअरला किती ताकद लागते त्याच्याशी ताडून पाहावा. पीटीओ स्वतंत्र क्लचचा असेल तर फारच सोयीचे. ओळीत मधेच थांबावे लागले तरी पंखा फिरत राहतो.

आता वजनाचा हिशेब. ४०० लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच ४०० किलो होते. त्यात ब्लोअरचे लोखंड, पंखा आणि पंप मिळवले की सहाशेच्या आसपास जाते. माहितीपत्रकात लिफ्ट ७५० किलोची लिहिलेली असते, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा लिंकेजच्या टोकाशी मोजलेला असतो. टाकीचा भार त्याच्याही मागे दीड-दोन फुटांवर असतो, आणि भार जितका मागे तितकी लिफ्टची खरी क्षमता कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागे भार आला की पुढची चाके हलकी होतात. बांध चढताना स्टिअरिंग हातात सैल लागले तर समजावे, पुढच्या चाकांवर पुरेसे वजन नाही. पुढची वजने ही शोभेची वस्तू नाही. ट्रॅक्टर घेतानाच ती घ्यावीत. लहान ट्रॅक्टरला २०० लिटरची टाकी लावून दोन फेऱ्या जास्त मारणे परवडते, ट्रॅक्टर मागे उलटणे परवडत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हवर जास्तीचे पैसे घालावेत का? काळ्या जमिनीत, ऑक्टोबरच्या ओल्यात, होय. त्या दिवसांत टू-व्हील ड्राइव्ह जागेवरच फिरून चाकोरी खोल करतो आणि शेवटी दुसरा ट्रॅक्टर आणून ओढून काढावा लागतो. हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र ती ओढ फारशी लागत नाही. ओल्या रानात वारंवार चाक फिरले की माती दाबली जाते आणि बोदाच्या कडेची पांढरी मुळी गुदमरते. म्हणून टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या मर्यादेत, कामाच्या भाराप्रमाणे ठेवावी. चाकांतले अंतर असे बसवावे की दर फेरीला चाक त्याच चाकोरीतून जाईल आणि बोदाची बाजू मोकळी राहील. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची रिम उलटी लावून हे अंतर कमी-जास्त करता येते. अंतर फारच कमी केले तर उताराच्या बागेत ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका वाढतो, एवढे लक्षात ठेवावे.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते ड्रायव्हरच्या जागेबद्दल. द्राक्षाच्या हंगामात पंचवीस-तीस फवारे होतात, त्याहून जास्तही होतात. ब्लोअर धुके पाठीमागे फेकतो, वारा ते पुढे आणतो, आणि मंडपाखाली ते वर जायला वाट नसते. मास्कच्या नावाखाली बहुतेक वेळा तोंडाला उपरणे बांधलेले असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात गेले. ते पाठीवरच्या पंपांनी फवारत होते, ट्रॅक्टरवर नव्हते. पण विष अंगात शिरण्याच्या वाटा त्याच आहेत: कातडी, श्वास, हात न धुता घेतलेला घास.

म्हणून बंद केबिनचा विचार श्रीमंती चैन म्हणून बाजूला टाकू नये, आणि आंधळेपणाने स्वीकारूही नये. युरोपातल्या द्राक्षमळ्यांसाठी फेंट कंपनी अवघ्या १.०७ मीटर रुंदीपासूनचे केबिनवाले ट्रॅक्टर बनवते. तिकडच्या मानकात केबिनच्या चार श्रेण्या आहेत. दुसरी श्रेणी फक्त धूळ अडवते, तिसरी धूळ आणि तुषार, आणि चौथी औषधाची वाफसुद्धा. हा फरक आपल्याकडे केबिन विकत घेणाऱ्याला फारसा कोणी सांगत नाही. काच लावली म्हणजे संरक्षण झाले, असे होत नाही. वाफ अडवायची तर कोळशाचा फिल्टर लागतो, तो मुदतीत बदलावा लागतो आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहावा लागतो. फवाऱ्याचे हातमोजे घालूनच माणूस आत बसला तर तेच औषध स्टिअरिंगला, सीटला आणि पुढे घरापर्यंत जाते.

आपल्याकडे छोटे ट्रॅक्टर बहुतेक उघडेच मिळतात. मग गावातल्या वेल्डरकडून अँगल, काच आणि पत्र्याची केबिन करून घेतली जाते. त्यातले तीन धोके आधीच ओळखावेत. अशी केबिन ट्रॅक्टर उलटल्यावर माणसाचा जीव वाचवत नाही, कारण ती त्या भारासाठी बांधलेलीच नसते. उलट वरचे वजन वाढवून उलटण्याची शक्यता वाढवते. एसीविना बंद काचेत ऑक्टोबर हीट सोसत नाही, ड्रायव्हर दहा मिनिटांत खिडकी उघडतो आणि केलेला खर्च वाया जातो. एसी लावला तर तो छोट्या इंजिनाची ताकद ब्लोअरकडून हिरावून घेतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते, म्हणून आधी आरटीओत विचारून घ्यावे.

मंडपाखाली केबिनचा विषयच संपतो, ती उंचीत बसत नाही. वाय पद्धतीत दहा फूट आणि त्याहून रुंद ओळी असतील तर एखाद्या बुटक्या केबिनची चौकट फिरवून पाहता येईल. तिची खरी जागा मात्र मोकळ्या बागांत आहे. सोलापूर-सांगोल्याकडचे डाळिंब साधारण साडेचार मीटरच्या ओळींत असते आणि तेल्या रोगाच्या भीतीने तिथे फवारेही भरपूर होतात. नागपूर-अमरावतीकडची संत्र्याची झाडे सहा-सहा मीटरवर असतात, आणि तिथला उन्हाळा माणसाला उघड्यावर बसू देत नाही. अशा बागायतदारांनी दोघे-तिघे मिळून एक चांगला केबिनवाला ट्रॅक्टर घेणे हा हिशेबात बसणारा विचार आहे.

उघडा ट्रॅक्टर असेल तर ते वाचलेले ४२ हजार कुठे घालायचे? आधी कार्ट्रिजचा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, जास्तीची कार्ट्रिज, ॲप्रन, हातमोजे, गमबूट. हे सगळे दोन संच, कारण एक धुवायला गेलेला असतो. मग दुमडता येणारी रोल बार. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण सक्तीचे केले, तिथली अपघाती मृत्यूंची संख्या नंतर घसरली. मंडपाखाली जाताना बार खाली करावी, बाहेर आल्यावर लगेच उभी करावी. उभी असताना पट्टा बांधावा, दुमडलेली असताना बांधू नये, कारण तेव्हा उलटल्यास बाहेर उडी मारायला मोकळे असणे बरे.

बाकीची सजावट बागेच्या गरजेने करावी. उभा सायलेन्सर मंडपातल्या पानांना होरपळतो, म्हणून खाली किंवा बाजूला वळवलेला घ्यावा. पुढच्या दिव्यांभोवती आणि मडगार्डच्या कडेला वळणदार पाइप लावला की काड्या अडकत नाहीत, वर सरकून जातात. रोटाव्हेटर तीन-साडेतीन फुटांचा पुरेसा. छाटणीच्या काड्या ओळीतच बारीक करणारा श्रेडर घेतला तर काडी जाळण्याची वेळ येत नाही.

पीटीओच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र काढून ठेवण्याची सवय मोडायलाच हवी. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ वेढे. साडीचा पदर, उपरण्याचे टोक किंवा ओढणी त्यात सापडली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. बागेत बायका डिपिंग करत असताना ब्लोअर चालू ठेवून कोणी ओळीत उतरू नये आणि शाफ्टवरून पाय टाकून जाऊ नये.

अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. यांत्रिकीकरण अभियानात अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना जास्त, म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत मदत ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडले तर ते अनुदान हातचे जाते. हंगामाच्या घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

ट्रॅक्टर दारात आला की पहिली फेरी औषधाने नव्हे, साध्या पाण्याने करावी. ओळीत १०० मीटर मोजून खुणा कराव्यात. ९० सेकंदांत अंतर कापले तर वेग ताशी ४ किलोमीटर. नऊ फुटांच्या ओळीत या वेगाने एक एकर साधारण २२ मिनिटांत होतो, वळणांचा वेळ वेगळा. सगळ्या नोझलचे पाणी बादलीत धरून मिनिटाचे मोजावे. ते १८ लिटर भरले तर एकरी सुमारे ४०० लिटर पडते. एखादा नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्के जास्त ओतत असेल तर तो झिजलेला आहे, बदलावा. ज्या टाकीत कधीही टू-फोर-डी मिसळले असेल ती बागेच्या जवळ आणू नये. त्याचा अंशसुद्धा द्राक्षाच्या फुटीला वेडीवाकडी करतो.

घडाच्या उंचीवर, पानांच्या आतल्या बाजूला दहा-बारा कागदी पट्ट्या टाचून पाण्याची फेरी मारावी आणि पट्ट्या काढून पाहाव्यात. बाहेरच्या भिजल्या आणि आतल्या कोरड्या असतील तर वेग कमी करावा, पंख्याची पाती आणि नोझलची दिशा बदलावी आणि पुन्हा फेरी मारावी. छाटणीला अजून आठ दिवस आहेत तोवर हे सगळे निवांत करता येते.