सावलीचे घड्याळ आणि सर्व्हरचा भार

उज्जैन येथील वेधशाळेत सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. यंत्रावरील वेळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहणारास ती सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असल्याचे आढळते. ऋतुमानाप्रमाणे हे अंतर कमीअधिक होते. तथापि यंत्रात बिघाड नसतो. यंत्र उज्जैनची स्थानिक वेळ सांगते, घड्याळ भारतीय प्रमाणवेळ सांगते. आकडा खरा असूनही तो कशाचा आहे हे ठाऊक नसल्यास निष्कर्ष चुकतो.

कार्यालयातील लिनक्स फाइल सर्व्हरच्या बाबतीत नेमके हेच घडते. एका संगणकावर ठेवलेल्या फाइली जाळ्यामार्फत सर्वांना खुल्या करणारी एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली. असा सर्व्हर मंदावला की सर्व मेजांवरील काम थांबते आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास हात हलवीत परतावे लागते. मग ‘प्रोसेसरवर ताण आला’ असे म्हणून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते. त्यामुळे बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात आणि दोष तसाच राहतो.

प्रथम भार आणि प्रोसेसरचा वापर यांतील भेद जाणून घ्यावा. लिनक्समधील ‘लोड ॲव्हरेज’ या आकड्यात प्रोसेसर वापरणारी व त्यासाठी थांबलेली कामे तर असतातच, शिवाय डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेली कामेही असतात. म्हणून डिस्क मंद असल्यास प्रोसेसर रिकामा असूनही भार मोठा दिसतो. ‘टॉप’ ही आज्ञा दिल्यास हा हिशेब वेगवेगळा मिळतो. ‘डब्ल्यूए’ अधिक असल्यास डिस्क तपासावी. ‘एसआय’ अधिक असल्यास जाळ्यावरील वाहतूक पाहावी. ‘एसवाय’ अधिक असल्यास प्रणालीचा गाभा व्यग्र आहे असे समजावे. एनएफएस सर्व्हरचे काम गाभ्यातच चालत असल्याने ते येथे दिसते.

यानंतर ‘एनएफएसस्टॅट’ ही आज्ञा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा देऊन आकड्यांतील फरक काढावा. वाचन व लेखन यांच्या मागण्या अधिक असल्यास काम खरोखरच वाढले आहे. परंतु ‘गेटॲटर’ आणि ‘लुकअप’ यांचीच संख्या फुगली असल्यास कोणीतरी फाइली न वाचता केवळ त्यांची चौकशी करीत आहे. एखाद्या संगणकावरील शोधसूची, विषाणुतपासणी अथवा ‘नोएसी’ हा पर्याय यांस कारणीभूत असू शकतो. या पर्यायाने फाइलींची माहिती जवळ राखून ठेवणे बंद होते व ती पुनःपुन्हा सर्व्हरकडे मागितली जाते. अशा वेळी उपाय त्या संगणकावर करावयाचा असतो. नवा सर्व्हर घेतल्यास पैसा व्यर्थ जातो.

प्रोसेसर आधीच पूर्ण व्यापलेला असताना एनएफएसच्या सेवाधाग्यांची संख्या वाढविणे निरुपयोगी ठरते. त्याने गर्दी मात्र वाढते. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजमाप घ्यावे.

काम सुरळीत असलेल्या दिवशीचे आकडेही एका वहीत नोंदवून ठेवावेत. अडचणीच्या दिवशी तुलनेसाठी तीच वही उपयोगी पडते.