आजीला तिचा आजार समजावताना : सीओपीडीचा एक पाठ



सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आजीला सीओपीडी झालंय. म्हणजे टीबीच ना? आजीनं स्वतःचं ताट वेगळं केलंय, मला जवळ झोपू देत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. पण दवाखान्याच्या गर्दीत आजीच्या कानावर पडली ती फक्त चार इंग्रजी अक्षरं. बाकीचं भीतीनं भरून काढलं. निदान होणं वेगळं आणि ते रुग्णाला समजणं वेगळं. तपासणी आणि औषध हे डॉक्टरांचंच काम. समजावण्याला मात्र आपण हातभार लावू शकतो, कारण ते आपण रोज वर्गात करतो. मी आजीकडे गेले, तेव्हा पाठ असा घेतला.

१) आधी विचारा, मग सांगा.
"आजी, तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" एवढंच विचारलं. "छातीचा रोग. पोरांना लागेल," त्या म्हणाल्या. मूळ भीती कळली. फाईलमध्ये थुंकीच्या तपासणीत टीबी नसल्याचं लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवलं. सीओपीडी संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं किंवा जवळ झोपल्यानं तो लागत नाही.

२) ओळखीच्या वस्तूवरून शिकवा.
चुलीच्या धुराड्यात वर्षानुवर्षं काजळी साचली की वाट अरुंद होते आणि धूर घरातच कोंडतो. श्वासनळ्यांचं तसंच होतं. धुरामुळे त्या आतून सुजतात, कफ साचतो, वाट चिंचोळी होते. नळ्यांच्या टोकाला हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्या जुन्या फुग्यासारख्या सैल पडतात. मग आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि दम लागतो. "पण मी कधी विडी ओढली नाही," आजी म्हणाल्या. विडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच, पण लाकूडफाटा आणि गोवऱ्यांचा धूरही तेच करतो. त्यांनी चाळीस वर्षं फुंकणी फुंकली होती. त्यांची चूक काही नव्हती, हेही मुद्दाम सांगितलं.

नळीत जोरानं फुंकायला लावतात ती तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. पूर्ण फुंकरीतली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, ते तिच्यात मोजतात. श्वासनळ्या रुंदावणारं औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी आलं, तर वाट अडली आहे असं समजतात.

३) खरं सांगा, पण आशेसकट.
"बरं होईल का?" हा प्रश्न येतोच. "हो, हो, होईल" म्हणून वेळ मारून नेऊ नका. झालेलं नुकसान भरून येत नाही. पण धूर थांबवला आणि औषध नियमित घेतलं, तर पुढची झीज मंदावते, दम कमी लागतो, बाजारहाट करता येते.

४) एका वेळी एकच गोष्ट.
पहिल्या दिवशी फक्त इन्हेलर. "त्याची सवय लागते" हा गैरसमज घरोघरी आहे. इन्हेलरचं व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनळ्यांत जातं, म्हणून थोडं पुरतं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही. दुसऱ्या दिवशी श्वासाचा व्यायाम : नाकानं श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. तिसऱ्या दिवशी धोक्याच्या खुणा : दम एकदम वाढला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला, तर डॉक्टरांना गाठायचं. ओठ निळे पडले, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर क्षणभरही थांबायचं नाही.

५) शेवटी उलट सांगायला लावा.
"कळलं का?" विचारलं की सगळे "हो"च म्हणतात, वर्गातही आणि घरीही! म्हणून म्हटलं, "आजी, आता नातीला तुम्ही समजावून सांगा." त्या म्हणाल्या, "माझं धुराडं कोंदलंय गं. तुला नाही लागायचं. फवारा रोज घ्यायचा आणि चुलीपुढं बसायचं नाही." पाठ पूर्ण झाला.

त्या रात्री नात आजीजवळ झोपली.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार हा जागतिक सीओपीडी दिन. त्या दिवशी वर्गात विचारून पाहा, कुणाच्या घरी चूल आहे, कुणाच्या घरी सतत खोकणारं माणूस आहे. मग आपल्या घरातही विचारा. खोकला "वयाचा" म्हणून सोडून दिलेलं कुणीतरी तिथेही सापडेल.