हृदयस्नायूचे विकार आणि भूल

पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत गावोगावचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येतात. त्यांपैकी एखाद्यास हृदयस्नायूचा दुर्मिळ विकार असल्यास भूल देताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

एका विकारात हा स्नायू जाड होऊन रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. उपाशी राहिल्याने शरीरातील पाणी घटले, नाडी जलद झाली किंवा रक्तदाब उतरला, की अडथळा वाढतो. म्हणून अशा रुग्णास शिरेवाटे पुरेसे द्रव देतात आणि नाडी संथ राखतात. दुसऱ्या विकारात स्नायू ताणून दुबळा होतो. बाळंतपणाच्या सुमारासही तो उद्भवतो. येथे जादा द्रव फुप्फुसांत साचून जिवावर बेतू शकते. एकास जे तारक, तेच दुसऱ्यास मारक ठरते.

यास्तव पूर्वमाहितीला मोल आहे. खेळताना मूर्च्छा येणे, कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू घडणे, गरोदरपणी आडवे पडताच धाप लागणे, या गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी लोकांना पटवून द्यावे. भूलतज्ज्ञ त्यानुसार हृदयाचा आलेख व इको तपासणी करवून घेऊ शकतात. हृदयाच्या चालू गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.