लिंबू-मोसंबीचे खुंट, मुळे आणि पाणी



आपल्या भैंसा भागात कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिके. तरी विहिरीला पाणी असले की कोणी लिंबाची, कोणी मोसंबीची म्हणजे बत्तायीची बाग लावू पाहतो. बाग हा पंधरा-वीस वर्षांचा संसार आहे. पहिली चार-पाच वर्षे नुसता खर्च होतो, आणि ऐन फळाच्या वेळी झाडे पिवळी पडून वाळू लागली तर घरचे भांडवल बुडते. पाने मलूल दिसली की आपण आणखी पाणी सोडतो. काळ्या जमिनीत पुष्कळदा तेच पाणी झाडाला मारते. असे का होते, ते समजून घेऊ.

मोसंबीचे कलम म्हणजे दोन झाडांची जोडी. वरचा डोळा मोसंबीचा, खालचा खुंट दुसऱ्या जातीचा. आपल्याकडे खुंट बहुधा जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो. फळाची जात डोळा ठरवतो, पण मुळे असतात खुंटाची. (कागदी लिंबू पुष्कळ ठिकाणी बियांपासूनच लावतात, त्याची मुळे त्याचीच.)

जंबेरीची मुळे लांब आणि खोल जातात, म्हणून ती पाण्याचा ताण सोसते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या खोल वाळूत तिची मुळे 4 मीटरपेक्षाही खाली गेलेली आढळली. पण तोच खुंट आपल्या काळ्या मातीत तेवढा खोल जात नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वाळूत हवा खेळते. काळी माती भिजली की फुगते आणि हवेच्या वाटा बंद होतात. शिवाय ही माती पाणी पुष्कळ धरते, पण त्यातले जवळपास निम्मे इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढता येत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात.

अन्नपाणी शोषणारी ही बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. तिथे पाणी साचले की ती गुदमरतात आणि फायटोफ्थोरा बुरशी त्यांना कुजवते. खोडातून डिंक गळतो. यालाच आपण डिंक्या म्हणतो. मुळे कुजलेले झाड पाण्यात उभे राहूनही तहानेने मरते. जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबू त्या मानाने तग धरतो. म्हणून भारी जमिनीसाठी रोपे घेताना खुंट कोणता, हे आधी विचारावे.

पाणी कमी पडण्याचा धोकाही खराच. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. म्हणजे पाणी हवे, पण बेताने आणि योग्य जागी.

आता करावयाच्या गोष्टी:

1. लागवडीआधी पावसाळ्यात 1 मीटर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर निचरा केल्याशिवाय तिथे बाग लावू नये.

2. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर असावा. जोड मातीत कधीही गाडू नये.

3. दुहेरी आळे करावे. आतले आळे खोडाभोवती कोरडे ठेवावे आणि पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. झाडाचा घेर वाढेल तसे आळेही बाहेर सरकवावे, कारण बारीक मुळे घेराखालीच असतात.

4. पाणी देण्यापूर्वी फूटभर खालची माती मुठीत दाबावी. घट्ट गोळा झाला तर थांबावे. माती भुरभुरली तर पाणी द्यावे.

5. पावसाळ्याआधी दोन ओळींमागे एक चर काढून उताराला पाणी काढून द्यावे.

6. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लोखंडी भांडे वापरू नये.

7. उन्हाळ्यात आळ्यात गवत किंवा सोयाबीनचा भुसा पसरावा, पण खोडाला टेकवू नये.

8. बहारासाठी ताण देताना जमीन पाहावी. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर पुरे, भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. पाव हिस्सा पाने गळली की ताण थांबवावा. ताण देताना खोल नांगरून मुळे तोडू नयेत. ताण तुटल्यावर पहिले पाणी हलके द्यावे.

नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था खुंटांवर आणि डिंक्यावर काम करते. रोपे घ्यायच्या आधी आपल्या मातीची तपासणी करून तिचा सल्ला घेता येतो.

बागेत झाड मलूल दिसले, तर पाण्याचे दार उघडण्याआधी कुदळ घ्यावी. घेराखालची वीतभर माती उकरून पाहावी. बारीक मुळे पांढरट, टणक असतील आणि माती कोरडी असेल, तर झाडाला तहान लागली आहे. मुळे काळी पडून त्यांची साल हाताला सुटून येत असेल, तर पाणी बंद करून आधी चर खोदावा.