वाऱ्यांत मोटरबोट धक्क्यास लावण्याची विद्या



आपला हिंगोली जिल्हा समुद्रापासून दूर. तेव्हां नाव धक्क्यास लावण्याची विद्या आपणांस काय कामाची, असें पुष्कळांस वाटेल. परंतु पूर्णा नदीवर सिद्धेश्वर व येलदरी आणि पैनगंगेवर इसापूर, असे विस्तीर्ण जलाशय आपल्या जिल्ह्यांत व त्याच्या सीमेवर आहेत. शिवाय सहलीस मुंबईला जाणारे विद्यार्थी अपोलो बंदरावरून लाँचमध्यें बसून घारापुरीचीं लेणीं पाहावयास जातात. जेथें पाणी विस्तीर्ण, तेथें वारा मोकळा. गालील समुद्र हा नांवानें समुद्र असला तरी वस्तुतः डोंगरांनीं वेढलेलें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्यावर एकाएकीं वादळ सुटल्याची कथा आपण शुभवर्तमानांत वाचतोंच.

किनारा जवळ आला कीं प्रवास संपला असें वाटून सर्वांचें लक्ष ढिलें पडतें. नेमकें त्याच वेळीं नाव, दगडी धक्का आणि माणसाचे हातपाय हीं एकमेकांच्या अगदीं जवळ येतात. म्हणून हा शेवटचा टप्पा नीट समजून घेणें अवश्य आहे.

नावेस ब्रेक नसतो, ही पहिली गोष्ट ध्यानांत धरावी. यंत्र बंद केलें तरी ती पुढें सरकत राहते. पंखा उलटा फिरविला तरी तिला स्थिर व्हावयास कांहीं क्षण लागतात. दुसरी गोष्ट अशी कीं, सुकाणू हें आपल्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याच्या बळावर काम करतें. वेग मंदावला कीं त्याचें सामर्थ्यहि मंदावतें. म्हणजे वेग अधिक झाला तर टक्कर, आणि फारच कमी झाला तर नाव वाऱ्याच्या स्वाधीन! ह्या दोहोंमधून वाट काढणें हेंच चालकाचें कसब होय. तिसरी गोष्ट वाऱ्याची. त्याचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. नावेची नाळ, म्हणजे पुढचें टोंक, बहुधा उंच असून पाण्यांत कमी बुडालेली असते. त्यामुळें वारा प्रथम तिलाच ढकलतो.

धक्का दुरून दिसूं लागतांच चालकानें वाऱ्याची दिशा ओळखावी. ध्वज, धूर, पाण्यावरील तरंग, नांगरून ठेवलेल्या इतर नावांचीं तोंडें, हीं सर्व ती सांगतात. जेथें प्रवाह किंवा भरती-ओहोटी असेल तेथें पाण्याची ओढहि पाहावी. मग पुढचा व मागचा असे दोन्ही दोर मोकळे करून हाताशीं ठेवावे, आणि ज्या अंगानें नाव लागणार त्या अंगास जुने टायर टांगावे. ही सर्व तयारी धक्का जवळ येण्यापूर्वींच व्हावी. ह्यापुढें तीन प्रसंग संभवतात.

(१) वारा धक्क्याच्या लांबीच्या दिशेनें वाहत असेल तर नाव वाऱ्यास तोंड देऊन, धक्क्याशीं २० ते ३० अंशांचा कोन करून हळूहळू आणावी. समोरचा वाराच मग ब्रेकचें काम करतो. पाठीशीं वारा घेऊन आलेल्या नावेस मात्र तो शेवटपर्यंत पुढें लोटीत राहतो.

(२) वारा धक्क्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर प्रसंग अवघड. रेंगाळणाऱ्या नावेस वारा परत दूर नेतो. म्हणून कोन थोडा अधिक ठेवून नाळ निश्चयानें धक्क्याशीं न्यावी. नाळेजवळचा दोर धक्क्यावरील जरा मागच्या खुंटास द्यावा. नंतर नाव धक्क्यापासून दूर वळवावयाची असल्याप्रमाणें सुकाणू फिरवून यंत्र अगदीं मंद पुढें चालवावें. दोर नावेस पुढें जाऊं देत नाहीं, आणि पंख्यानें लोटलेलें पाणी पिछाडीस धक्क्याकडे सरकवितें.

(३) वारा पाण्याकडून धक्क्याकडे वाहत असेल तर काम सोपें वाटतें, आणि म्हणूनच तें फसवें आहे. नाव धक्क्यास समांतर, सुमारें तिच्या रुंदीइतक्या अंतरावर पूर्ण थांबवावी. उरलेलें अंतर वाराच तोडतो. नाळ लवकर सरकते, म्हणून ती किंचित् बाहेरच्या बाजूस ठेवावी.

पहिल्या खेपेस जमलें नाहीं तर मोकळ्या पाण्यांत परत जाऊन पुन्हां यावें. ह्यांत कमीपणा मुळींच नाहीं. दोर हाताभोंवतीं कधींहि गुंडाळूं नये. खुंटाभोंवतीं एक-दोन वेढे द्यावे. वेढ्यांच्या घर्षणामुळें एकटा मनुष्यहि जड नाव आवरूं शकतो. नाव व धक्का ह्यांच्यामध्यें हात किंवा पाय घालून ती अडविण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. कित्येक टनांची नाव कितीहि हळू आली तरी माणसाचें हाड तिला थांबवूं शकत नाहीं.

आतां उतारूंविषयीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. एका बाजूवर प्रचंड लाट आदळली, भयभीत उतारू दुसऱ्या बाजूस धांवले, आणि बोटीचा तोल गेला. हा अपघात धक्क्यावर झाला नव्हता. तथापि धक्का जवळ येतांच आधीं उतरण्यासाठीं सर्वांनीं एकाच अंगास गर्दी केली तर लहान नावेचा तोल असाच बिघडतो. भार एकीकडे झुकला म्हणजे कुशल चालकाचाहि उपाय चालत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं दोन्ही दोर बांधले जाईपर्यंत जागेवर बसून राहावें, आणि खलाशी सांगेल तेव्हां एकेकानें उतरावें. पालकांनींहि मुलांस नावेंत बसवितांना जीवरक्षक जाकीट अंगांत नीट बांधलें आहे कीं नाहीं, तें स्वतः पाहावें. वारा कोणाच्या आज्ञेंत नाहीं. परंतु त्याची दिशा ओळखणें, वेग आवरणें आणि क्षणभर थांबणें हें आपल्या हातीं आहे. तेवढें केलें तर नाव व माणसें दोन्ही सुखरूप तीरास लागतात.