आधी गाडीखाली वाका

परदेशातला मुक्काम आवरून अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनला घर केलं की पहिल्या दोन महिन्यांत गाडीचा विषय निघतोच. तिकडे जोरदार इंजिनाच्या सेडानची सवय झालेली असते, त्यामुळे मन एखाद्या वापरलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसवर बसतं. ती भारतात मोजकीच आली; उदाहरणार्थ, २०१७ मध्ये २३० पीएसच्या ५००, २०२० मध्ये २४५ पीएसच्या २००. गाड्या कमी, म्हणून हातची जाईल या भीतीने लोक घाईत टोकन देतात. तेच करू नका. टोरांटो, म्युनिक, बर्मिंगहॅमला वर्षानुवर्षं राहून आता गावी ये-जा करणाऱ्या आमच्या नात्यागोत्यातल्या कुटुंबांना विचारून हे लिहितो आहे. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाका.

टोरांटोच्या काकूंनी हे सर्वांत आधी सांगितलं. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. आपल्याकडे तेच मीठ वाऱ्यातून येतं आणि पावसाळ्याचे चार महिने ओलं राहतं. आम्ही इथे घेतलेली पहिली गाडी समुद्राजवळच्या वाडीत, माडाखाली उभी असायची. वरून आरशासारखी. पावसाळ्यानंतर रॅम्पवर चढवली तेव्हा मेस्त्रींनी ब्रेकच्या पाइपवरून नख फिरवलं आणि तपकिरी पोपडा सुटून त्यांच्या तळहातावर पडला. खालच्या धातूला खड्डे पडले होते. आदल्या दिवशीपर्यंत ब्रेक पायाला अगदी कडक लागत होता, मुलं मागे बसत होती. तो पोपडा मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून रॅम्पवर चढवल्याशिवाय व्यवहार नको. ब्रेकचे पाइप, सबफ्रेम, सायलेन्सरचे जोड, जॅक लावायची जागा, दाराखालच्या पत्र्याची शिवण, सगळं टॉर्च लावून पाहा. ताजा काळा अंडरकोट दिसला तर तो कधी आणि कशावर मारला ते विचारा. गंजावर मारलेला कोट गंज आत कोंडून ठेवतो. डिस्कवर रात्रीत आलेला तांबूस थर दोन-चार ब्रेकांत पुसला जातो, त्याची चिंता नको. खड्डे आणि कडेला उभी राहिलेली धार मात्र जात नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीबाबत दोन तारखा विचारायच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच धडकलं आणि माड-पोफळी गाड्यांवर कोसळल्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लोक दारांना लावतात; तुम्ही छपराला लावा. दुसरी तारीख २२ जुलै २०२१, महाडचा पूर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेघ बहुधा तिथे सापडते. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात सुकलेला गाळ, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट झालेलं तांबं यांतलं काहीही दिसलं तर किंमत कितीही उतरू दे, परत या.

आता इंजिन. ते थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. व्हीआरएसच्या २.० टीएसआय इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं, तिथे कूलंटची गुलाबीसर खपली जमते. २३० व्हीआरएसचा डीएसजी गिअरबॉक्स सहा गिअरांचा, क्लच तेलात बुडालेला. त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलल्याचं बिल मागा, तोंडी हमी नको. म्युनिकच्या भाच्याने बजावलं ते रीमॅपचं. इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून मूळ ताकदीवर आणखी पीएस चढवून गाडी वर्षभर दामटायची आणि विकताना कंपनीचा प्रोग्रॅम परत टाकायचा, हे तिकडेही चालतं, इकडेही. एअर फिल्टरच्या पेटीचे स्क्रू आणि टर्बोजवळच्या पाइपचे बोल्ट पान्याने झिजलेले आहेत का बघा, आणि ऑक्टाव्हिया जाणणाऱ्याकडून संगणकावर स्कॅन करून घ्या. रीमॅप केलेली गाडी वाईटच असते असं नाही. लपवणारा माणूस मात्र नको.

टेस्ट ड्राइव्हला अलिबागजवळच्या कार्लेखिंडीचा चढ उत्तम. एसटीच्या मागे राहून रांगत चढा, गिअर बदलताना धक्का किंवा थरथर जाणवली तर लगेच कळेल. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर आतल्या बाजूनेच झिजले असतील तर गाडी खाली बसवलेली असावी किंवा खड्ड्यात आपटलेली.

कागदांत बँकेचा बोजा उतरला आहे ना, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत ना, ई-चलनं भरली आहेत ना हे पाहा. परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण एनओसी आणि इथला रस्ता कर धरून हिशोब करा.

गाडी घरी आली की आठवड्यातून एकदा खालून धुवा. मात्र वाडीतल्या विहिरीचं पाणी आधी जिभेवर घेऊन बघा. मचूळ लागलं तर त्याने धुऊ नका, नळाचं गोडं पाणी वापरा.