कळसूत्री बाहुल्यांचे रामायण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. सूत्रधाराच्या बोटांतील दोरा हलला, की लाकडाची बाहुली मान वळविते, हात उचलते आणि पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, की हिच्यात प्राण आहे. निर्जीव लाकडाने माणसासारखे वागावे, यातच त्या खेळाची सारी मौज. परंतु मुलांनो, याच्या नेमके उलट कोणी केले तर? जिवंत माणसांनी बाहुल्या व्हावे आणि त्या रूपात रामकथा नाचून दाखवावी, अशी कल्पना एका नर्तकाला सुचली, आणि काही तरुण-तरुणींनी ती मुंबईत प्रत्यक्षात उतरविली. त्या नर्तकाचे नाव शांती बर्धन.

शांती बर्धन यांचा जन्म १९१६ मध्ये बंगालमधील कोमिल्ला येथे झाला. ते गाव आज बांगलादेशात आहे. मणिपुरी नृत्यात ते निष्णात होते. पुढे सुप्रसिद्ध नर्तक उदयशंकर यांनी हिमालयाच्या कुशीत, अल्मोडा येथे काढलेल्या कलाकेंद्रात ते दाखल झाले. या केंद्रात कथकली, भरतनाट्यम्, मणिपुरी हे निरनिराळे नृत्यप्रकार एकाच छत्राखाली शिकविले जात. एवढेच नव्हे, तर विद्यार्थ्यांना एखादा विषय देऊन त्यावर स्वतःच्या हालचाली स्वतःच शोधावयास सांगत. गुरूने दाखविले तसेच नाचावे, हा झाला अभ्यास. जे अद्याप कोणीच नाचलेले नाही ते शोधून काढावे, ही झाली निर्मिती. अल्मोड्याला या दोहोंचा संस्कार एकत्र होत असे.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नान्न करीत मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे ‘इप्टा’ची स्थापना झाली होती. या संघाने नृत्य व गायन यांच्या द्वारे दुष्काळग्रस्तांची हाक देशभर पोहोचविण्याचे ठरविले, आणि त्यासाठी मुंबईजवळ अंधेरी येथे एक मध्यवर्ती पथक उभारले. शांती बर्धन या पथकाचे नृत्यदिग्दर्शक झाले. निरनिराळ्या प्रांतांतील व निरनिराळ्या भाषा बोलणारे तरुण तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र सराव करीत. प्रत्येकाने आपल्या मुलखातील ताल, गीत वा नृत्य बरोबर आणले होते. त्या साऱ्यांतून ‘भारताचा आत्मा’ आणि ‘अमर भारत’ अशा अर्थाची नावे असलेली नृत्यनाट्ये निर्माण झाली. ‘अमर भारत’ला संगीत दिले होते तरुण रविशंकर यांनी.

पुढे हे पथक विसर्जित झाले. शांती बर्धन यांना क्षयरोगाने गाठले. ज्याचे शरीर हेच वाद्य, त्याच्याच शरीराने साथ सोडावी, याहून कठीण प्रसंग नर्तकावर कोणता येणार? तरीही १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही छोटी नृत्यमंडळी स्थापन केली. बॅले म्हणजे संवादांवाचून, केवळ नृत्य व संगीत यांतून कथा सांगणारे नाट्य. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली हे दोघेही अंधेरीच्या पथकातील होते. याच मंडळीने ‘रामायण’ बसविले.

आता या नृत्यातील अवघड गोष्ट कोणती, ते पाहा. आपल्या परंपरागत नृत्यांत चेहऱ्याला फार मोठे स्थान आहे. डोळ्यांची एक हालचाल क्रोध दाखविते, दुसरी करुणा. परंतु बाहुलीचा चेहरा बदलत नाही. चेहरा मुखवट्याआड गेला, म्हणजे राम रागावला की दुःखी झाला, हे खांदे, मान आणि पावले यांनीच सांगावे लागते. शिवाय बाहुलीच्या अंगाला मानवी गोलाई नसते. तिचा हात कोपरात वाकतो, पण लाटेसारखा लवत नाही. तिची मान एका झटक्यात वळते. दोरा ताठ असेल तोवर ती उभी राहते. ढिला पडला, की ती जागच्या जागी कोसळते. मणिपुरी नृत्याची मृदू वळणे अंगी मुरलेल्या नर्तकाला अशी काटकोनी हालचाल करताना आपलीच सवय मोडावी लागते.

याहूनही मोठी कसोटी समूहाची असते. रंगमंचावर दहा बाहुल्या असतील आणि नऊ जणी एका ठोक्याला थांबल्या, पण दहावी अर्धा क्षण अधिक हलली, तर सारा भास नाहीसा होतो. प्रेक्षकाला बाहुली दिसेनाशी होते आणि चुकलेले माणूस दिसू लागते. म्हणून अशा नृत्यात उत्तम नर्तकानेही आपले कौशल्य निराळे दाखवून चालत नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकावा, त्याच्या पावलाला पाऊल जुळवावे, तेव्हा कोठे तो अदृश्य दोरा साऱ्यांच्या हातांना एकदम बांधला जातो.

या मंडळीतही तेच घडले. कल्पना शांती बर्धन यांची होती. पण आजारपणामुळे त्यांना पूर्वीसारखे नाचणे शक्य नव्हते. ती कल्पना साकार करणारी शरीरे इतरांची होती. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रकार गेला तरी चित्र भिंतीवर राहते. कवी गेला तरी कविता पुस्तकात राहते. नृत्य मात्र नाचणाऱ्यावाचून कोठेच राहत नाही. मग ‘रामायण’ही त्यांच्याबरोबर संपायला हवे होते. ते संपले नाही. कारण ते एव्हाना सगळ्या मंडळीच्या अंगात उतरले होते. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी ते नव्या नर्तकांना शिकविले. १९६४ मध्ये मंडळी ग्वाल्हेरला गेली आणि नंतर भोपाळला स्थिरावली. ‘रामायण’ व ‘पंचतंत्र’ ही तिची नृत्यनाट्ये देशोदेशी पाहिली गेली. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर, म्हणजे तब्बल छप्पन्न वर्षे, त्यांनी तो दोरा हातातून सुटू दिला नाही.

मुलांनो, तुम्ही पाच जण मिळून असा प्रयत्न अवश्य करून पाहा. मनगटाला दोरा बांधला आहे, असे समजून हात उचला. दोरा तुटला, असे समजून तो सोडून द्या. मग पाचही हात एकाच क्षणी पडतात का, ते पाहा. पहिल्या दिवशी पडणार नाहीत. ज्या दिवशी पडतील, त्या दिवशी कोणाचा हात प्रथम पडला, हे विचारण्याचे तुम्हांला भानही राहणार नाही.

स्वाध्याय

१. बाहुलीसारखे नाचणे नर्तकांना अवघड का जाते? दोन कारणे लिहा.
२. ‘अभ्यास’ आणि ‘निर्मिती’ यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. शांती बर्धन यांच्या निधनानंतरही ‘रामायण’ कसे टिकून राहिले?
४. वाक्यांत उपयोग करा : साकार करणे, अंगी मुरणे, भान न राहणे.
५. वर्गात पाच जणांचा गट करून एखादी छोटी गोष्ट न बोलता, केवळ हालचालींनी दाखवा. ती बसविताना कोणाची कोणती सूचना उपयोगी पडली, ते आठ ओळींत लिहा.